ओटीचा फोटो

बाईंनी पर्समधून रुमाल काढला, आमच्या खाटेवर अंथरला आणि मग त्यावर बसल्या. मी पाणी पुढं केलं. पेल्याला हात न लावता म्हणाल्या, "आत्ताच घेतलंय घरून."

धरमपेठेतल्या बंगल्यातून कोराडीला आल्या होत्या. सोबत मुलगा. याच मुलानं भरदुपारी दारू ढोसून बसस्टॉपवर गाडी घातली होती. तिथं मी उभी होते. उजव्या पायात रॉड आहे, गुडघा वाकत नाही. वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या कँटीनमध्ये मी उभ्यानं पोळ्या करायचे, ते काम गेलं. खालच्या कोर्टानं त्याला वर्षभराची कैद सुनावली. त्यानं अपील केलं, जामीन मिळवला आणि आठवड्याभरात आईला घेऊन आमच्या दारात हजर.

मला वाटलं, माफी मागायला आले. मी मनात उत्तरही जुळवून ठेवलं होतं. माणूस आहे, चुकतो, असं म्हणणार होते. इतकी मी मूर्ख.

माफीचं नावच निघालं नाही. बाईंनी पिशवीतून साडी, खण, तांदूळ, नारळ काढला. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, "सवाष्णीनं ओटीला नाही म्हणू नये." यापुढं माझी बोलती बंद होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी पदर पसरला. पाय सरळ ताठ, खुर्चीच्या कडेवर कशीबशी बसलेली. नारळ मांडीवर टिकला नाही, घरंगळून माझ्या पायापाशी पडला. मुलगा उचलायला वाकला. त्यांचा ड्रायव्हर दारात मोबाइल धरून उभा होता.

अपिलाच्या तारखेला मी नवऱ्यासोबत जिल्हा कोर्टात गेले, ओटीची पिशवी परत करायला सोबत घेतली होती. मागच्या बाकावर बसले. त्यांच्या वकिलानं ड्रायव्हरनं तेव्हा काढलेला फोटो न्यायाधीशांपुढं ठेवला. म्हणाला, आरोपीनं जखमी बाईचे पाय धरले, तिनं ओटी घेऊन मोठ्या मनानं माफ केलं. कैद रद्द करा, कोर्ट उठेपर्यंत बसण्याची शिक्षा पुरे.

म्हणजे एक दिवस बाकावर बसायचं आणि संध्याकाळी घरी. मी दोन वर्षं बसून आहे.

मी कुबडीवर उठले. नवऱ्यानं हात ओढला. "बस वं. मोठ्या लोकायच्या नादी नको लागू." मी हात सोडवून घेतला.

"साहेब, तो पाया नाही पडून राहिला, नारळ उचलून राहिला. ओटी घेतली मी. पण माफी कोणी मांगितलीच नाही, त देऊ कोठून?"

न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना माझं म्हणणं लेखी द्यायला सांगितलं आणि पुढची तारीख दिली.

बाहेर व्हरांड्यात मी बाईंची पिशवी त्यांच्या हातात दिली. साडी घडी न मोडलेली, नारळ न फोडलेला. "ओटी परत करत नाहीत, अपशकुन होतो," त्या पुटपुटल्या. मी म्हटलं, "तो त बसस्टॉपवरच झाला."

लेखी दिलं आहे. माफ केलेलं नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे, खाली माझी सही आहे. दोन बस बदलून प्रत्येक तारखेला मी येणार. नवरा आला तर त्याच्यासोबत, नाही तर एकटी. आता तो खरोखर पाया पडायला आला तरी मी पाय मागं घेईन. वाकत नसला तरी घेईन.