अभिप्रायाचं पान

कल्याण स्टेशनात मेल जेमतेम दहा मिनिटं थांबायची. माझी ट्रंक धर्माने खांद्यावर घेतलेली, वळकटी माझ्या हातात. ट्रंकेत कपडे थोडे, आणि तळाला आमच्या ‘वल्हं’ या हस्तलिखिताचे सातही अंक, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. ते धर्मानेच आदल्या दिवशी घरोघर फिरून गोळा केले होते. “तुजा अक्षर हाय, तूच ने,” म्हणाला. “हितं वाळवी खाईल.”

आई म्हणाली, “पोचल्यावर पत्र टाक, दोन ओळी का होईनात.” वडील म्हणाले, “अक्षर चांगलं आहे म्हणून नोकरी लागली. त्याची लाज राख.” गाडी हलली तसं धर्माने खिशातून आपलं फाउंटन पेन काढलं आणि खिडकीतून माझ्या हातात कोंबलं. “ठेव तुला. मना आता याचा काय काम?”

सगळ्यांना वाटलं मी पोटापाण्यासाठी जबलपूरला चाललोय. तेही होतंच. पण मी निघालो तो त्या पेनवाल्या माणसाला रोज तोंड दाखवायला नको म्हणून. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

जे कल्याणात राहिलात, आणि जे माझ्यासारखे पोटामागे कुठेकुठे जाऊन पडलात, त्या सगळ्या वल्हंवाल्यांसाठी हे लिहितो आहे. तुम्हाला आठवत असेल, नाव धर्माने सुचवलं होतं. आपण ‘ज्योत’ नि ‘पहाट’च्या पुढे जात नव्हतो. तो खाडीवरचा कोळी, फायनल म्हणजे सातवी पास, आपल्यात एकटाच बैठकीला पाय धुऊन येणारा, कारण चिखलातून यायचा. आपण सारे कारकुनी करणारे.

अंक तीन महिन्यांनी निघायचा, आणि एकच प्रत. फूलस्केप कागद आणायचे, लाल शाईने समास आखायचे, सगळ्यांचं लिखाण मी टाकाने एका अक्षरात उतरवायचं. मग कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालून बांधणी. खर्डे मी बंबात टाकायचो. तो माझाच नियम. अंक हाती आल्यावर कच्चं काही मागे उरू नये, एवढी मला माझ्या अक्षराची घमेंड होती.

शेवटची पानं कोरी असत, अभिप्रायासाठी. अंक घरोघर दोन-दोन दिवस राहायचा आणि वाचणारा तिथे चार ओळी लिहायचा. सही करायची नाही, आणि अभिप्रायाला उत्तर द्यायचं नाही, त्यावर विचारणाही करायची नाही, असं आपण पहिल्याच बैठकीत ठरवलं होतं. सही नसली तरी अक्षरावरून कोण ते सगळ्यांना कळायचंच. मास्तरांच्या चार ओळींची तर आपण वाट बघायचो. निवृत्त झालेले, कोणाचं उगाच कौतुक न करणारे मास्तर. अंक पहिल्यांदा त्यांच्याकडे जायचा.

मी तेव्हा चांदण्यावर लिहायचो. अंकामागून अंक चांदणं. धर्मा हसायचा. “बापू, तुज्या चांदण्यात एक तरी मासली गावंल का रं?” सगळ्यांबरोबर मीही हसायचो. घरी जाऊन ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवायचो.

सातव्या अंकात धर्माने पहिल्यांदा लिहिलं, अंकातला शेवटचा लेख. विठ्ठलवाडीच्या बाजूला निर्वासितांच्या छावण्या पडल्या होत्या, त्या वर्षीची गोष्ट. त्याची आई ओहोटीला खेकडे, चिंबोऱ्या धरायला चिखलात उतरते, एवढाच विषय. कुठल्या बिळात चिंबोरी आहे ते ती तळपायाने कशी ओळखते, ते त्याने लिहिलेलं. शेवटचं वाक्य मला पाठ आहे, कारण ते उतरवताना माझा टाक थांबला होता. “भरती आली की आईच्या पायांचे ठसे जातात, आणि दुसऱ्या दिवशी आई त्याच वाटेने पुन्हा उतरते.” मी दहा वर्षं लिहीत होतो. मला असं एक वाक्य जमलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी मास्तरांकडून अंक परत आणायला गेलो. त्यांनी अभिप्रायाचं पान कोरंच ठेवलं होतं. म्हणाले, “खाडीवरचं ज्याने लिहिलंय त्याच्याशी मला समोरासमोर बोलायचंय. पुढच्या रविवारी पाठव त्याला. पुण्याला माझा एक संपादक मित्र आहे, त्याला दाखवू.” मग मी चपला घालत असताना सहज विचारल्यासारखं म्हणाले, “तुझं चांदणं अजून चालूच आहे का?”

घरी आलो. आई देवळात, वडील बाहेर गेलेले. मास्तरांचे दोन निबंध मी मागे उतरवले होते, त्यामुळे त्यांचं बारीक, डावीकडे कललेलं अक्षर माझ्या हातात बसलं होतं. ते वापरायचे तसली जांभळी शाईही घरात होती. मी लिहिलं: “खाडीवरील लेख वाचला. लेखकाने आपल्या जाळ्याकडे लक्ष द्यावे. लेखन हे त्याच्या घरचे काम नव्हे.”

शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसलो होतो, तेही आठवतं. संध्याकाळी अंक धर्माच्या घरी नेऊन दिला.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगायचो की मी सही कुठे केली होती. कोणाच्या नावावर मी काही खपवलं नाही. असली वकिली माणूस स्वतःपुढे किती वर्षं करू शकतो, हे मला आता माहीत आहे.

दोन दिवसांनी धर्माने अंक परत आणला. बसला नाही. म्हणाला, “मास्तर खोटा कशाला लिवतील?” आणि गेला. नियमाप्रमाणे त्याने मास्तरांना विचारलं नाही. मास्तरांचा निरोप मी त्याला दिला नाही. रविवारी मास्तर दुपारपर्यंत वाट पाहत होते. मला म्हणाले, “आला नाही रे तुझा मित्र.” मी म्हटलं, “त्याला वेळ नसतो मास्तर, भरती-ओहोटीवर सगळं असतं.” ते “असेल” म्हणाले. पुढच्या वर्षी गेले.

अंक मग तुमच्याही घरी आला. तुम्हीही ते पान वाचलंत. मास्तर असं लिहिणार नाहीत, असं तुमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. हे तुमच्यावर ढकलायला लिहीत नाही. पण कोणाला ते विचित्रसुद्धा वाटलं नाही, याचा मला तेव्हा आधार वाटला होता, आणि आज त्याचीच जास्त भीती वाटते.

जबलपुरात मी ट्रेसर आहे. इंजिनिअरने काढलेल्या ड्रॉइंगवर ट्रेसिंग क्लॉथ ठेवायचा आणि रेघ न् रेघ उतरवायची. साहेब म्हणतात, “बाबूजी का हाथ बहुत साफ है.” क्वार्टर दोन खोल्यांचं, पुढे पेरूचं झाड. दुधीला आता आम्ही घरीही लौकी म्हणतो. थोरला मुलगा मराठी वाचतो, पण बोट ठेवून. सातही अंक त्याच ट्रंकेत. मी गेल्यावर ‘वल्हं’ बंद पडलं, उतरवणारा कोणी नव्हता. कल्याणला पाच-सहा वेळा गेलो असेन. प्रत्येक वेळी धर्मा भेटायला यायचा, आईची चौकशी करायचा, मुलांसाठी जांभळं आणायचा. लिहिण्याचा विषय मी काढला नाही. त्याने एकदाच काढला, आणि तोही हसत: “मास्तरांनी बरा केला रं. नायतर जाला टाकून कागदं घेऊन बसलो असतो.”

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीचं पत्र आलं. हिरा, यंदा मॅट्रिकला. गेल्या आषाढात धर्मा कावीळ होऊन गेला. मला कोणी कळवलं नव्हतं. पुढे तिने लिहिलंय: “बापूकाका, आमच्या शाळेत आम्ही हस्तलिखित काढतो आहोत. बाबांनी एकदा लिहिले होते असे आजी म्हणते. बाबांना विचारले की ते म्हणत, ते काही खरे नव्हे. घरात त्यांच्या हातचा एकही कागद नाही. तुमच्याकडे तो अंक असेल तर पाठवाल का? त्यांचे अक्षर मला एकदा बघायचे आहे. तुमच्याबद्दल ते नेहमी चांगले बोलत.”

ट्रंक उघडली. पहिल्यांदा मनात आलं, पान फाडावं. उजेडात धरून बघितलं. ते पान म्हणजे लेखाच्या शेवटच्या पानाचीच मागची बाजू. ठशांचं वाक्य पुढे, आणि पाठीला जांभळी शाई. एक फाडलं तर दुसरं जातं. मग मनात आलं, लेख नवीन कागदावर उतरवून पाठवावा. टाक हातात घेतला आणि ठेवून दिला. पुन्हा उतरवायचं, आणि पुन्हा नको ते लपवायचं. आयुष्यभर दुसरं काय केलं?

मुलीला धर्माचं अक्षर बघायचं आहे. खर्डा मी बंबात घातला. अंकात त्याचं अक्षर कुठेच नाही. त्याचा लेख माझ्या अक्षरात आहे, आणि त्याची लेखणी ज्या तीन ओळींनी गेली त्याही माझ्याच हातच्या.

उद्या अंक रजिस्टर्ड पोस्टाने जाईल, बरोबर पेन, आणि हे लिहिलेलं सगळं. वाचून झालं की बाकीच्या वल्हंवाल्यांत फिरव, असं तिला लिहिणार आहे, पूर्वी अंक फिरवायचो तसं. माफी मागितलेली नाही. ज्याच्याकडे मागायची तो नाही, आणि तिने ती द्यावी असं म्हणायला मला तोंड नाही.

आई-वडील गेले, आमच्या बिऱ्हाडात दुसरे लोक राहतात. तरी कोणी विचारलं तर मी अजून ‘घर कल्याणला’ असंच सांगतो. त्याचं कारण खाडीवरचं धर्माचं ते एक घर होतं. तिथे मला चांगला माणूस समजत होते. पाकीट पोचायला चार दिवस लागतील. तेवढे चार दिवस मला घर आहे.