न मरणारे भाडेकरू पाहिजेत

निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा ऑफिसने मला दोन गोष्टींची आठवण करून दिली. पेन्शनच्या कागदांवर बायकोसोबतचा फोटो लावायचा आहे आणि क्वार्टर रिकामं करायचं आहे. फोटोसाठी आम्ही इस्त्रीचे कपडे घालून स्टुडिओत जाऊन आलो. क्वार्टरचं काय करायचं ते दोघांनाही सुचेना. अमरावतीच्या त्या सरकारी घरात एकवीस वर्षं काढल्यावर मला भिंती स्वतःच्याच वाटायला लागल्या होत्या.

स्वतःचं घर का बांधलं नाही, असं विचारणारे पुष्कळ भेटले. त्यांच्यासाठी सांगतो. नांदगाव पेठच्या बाजूला प्लॉट स्वस्तात मिळत होते तेव्हा मी "तिकडे कोण राहायला जाणार?" असं म्हणून हसत होतो. ज्यांनी घेतले ते आता मला हसतात, आणि गच्चीवरून हसतात.

मुलगी अकोल्यात दिलेली, जठारपेठेत, सासू-सासऱ्यांसोबत. तिच्या घरात राहायचं नाही, पण हाकेच्या अंतरावर राहायचं, असं बायकोने ठरवून टाकलं. तिचे गुडघे गेलेले, मला स्टेंट टाकलेला. कोणी तरी जवळ पाहिजेच होतं. पेन्शनीत बसतील अशा दोन खोल्या शोधायला आम्ही दर रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला जाऊ लागलो.

पहिल्या घरमालकांनी फार अगत्य दाखवलं. खुर्च्या झटकल्या, चहा दिला, आणि आपुलकीने विचारलं, "तब्येत कशी राहते जी?" आता आमच्या वऱ्हाडात चहाचा कप हातात आला की माणूस आपला आजार काढतोच. त्याशिवाय ओळख पक्की होत नाही. मी शुगरपासून सुरुवात केली, बीपीवर आलो आणि स्टेंटपर्यंत पोचलो. नागपूरच्या डॉक्टरांनी काय काय सांगितलं तेही हौसेने ऐकवलं. घरमालक मान हलवत होते. मला वाटलं, घर मिळालंच. निघताना ते म्हणाले, "पुतण्या राहाले येतो म्हनते. तुमाले फोन करतो." त्यांनी माझा नंबरसुद्धा लिहून घेतला नव्हता.

दुसरीकडे एक बाई होत्या. खोल्या वरच्या मजल्यावर, हवेशीर, जिना अरुंद. त्यांनी बायकोला चढताना पाहिलं आणि सरळ बोलल्या, "चढून तर जासान बाई, पन उद्या काही झालं तर खाली आणाले चार जन मावतीन का या जिन्यात?" एवढा पुढचा विचार माझ्या ऑफिसातही कधी कोणी केला नव्हता.

असे सहा रविवार गेले. सातव्या रविवारी झेरॉक्सच्या दुकानासोबत घरांची दलालीही करणाऱ्या एका गृहस्थाला आमची दया आली. त्याने मशीन बंद केलं आणि मला बाजूला घेतलं.

"काका, राग मानू नोका. तुमी सगळ्याइले स्टेंटचं काहाले सांगता?"

"विचारलं म्हणून सांगतो. लपवायचं काय त्यात?"

"लोकं भेतात ना जी. मानूस कवा जाईन सांगता येत नाही. अन् पंचकात गेला तर घर सहा महिने बंद ठेवा लागते. तेवढ्या दिवसाचं भाडं कोन देईन?"

पंचक मला ठाऊक होतं. महिन्यातले ते पाच दिवस. त्यात घरात मृत्यू झाला तर घराला कुलूप लावून बाहेर पडायचं, हा रिवाज आमच्याकडेही पाळतात. पण भाडेकरू निवडताना त्याचा विचार होत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, "मी लिहून देतो. उरलेल्या पंचवीस दिवसांतच मरेन." तो हसला नाही. असा कागद चालेल का, याचा तो खरोखर विचार करत होता.

घरी आल्यावर बायकोने मला फैलावर घेतलं. "तुमाले कोनं सांगतलं होतं स्टेंटचं पारायण कराले?" पुढच्या रविवारी आम्ही दोघं ठणठणीत होऊन गेलो. मी केस काळे केले. बायको गुडघ्यांना पट्टे आवळून जिने चढली. घरमालकांनी वय विचारलं, मी अठ्ठावन्न सांगितलं, आणि आमचा ठणठणीतपणा तिथेच संपला. सरकार मला कामासाठी म्हातारा ठरवून मोकळं झालं होतं. घरमालकांनी त्याच्या पुढचं ठरवून टाकलं होतं. मला संताप यायचा. परतीच्या गाडीत मी या लोकांच्या नकला करायचो, आणि बायको हसता हसता डोळे पुसायची. ते पुसणं नुसतं हसण्याचं नव्हतं, हे मला कळत होतं. क्वार्टर सोडायला तेव्हा जेमतेम महिना राहिला होता.

शेवटी झेरॉक्सवाल्यानेच एका हारवाल्याकडे पाठवलं. मुलीच्या घरामागच्या गल्लीत त्याच्या दोन खोल्या होत्या, आणि भाडं इतरांच्या निम्मं. हारवाला दुकानात झेंडू ओवत बसला होता. ओवणं न थांबवता म्हणाला, "आधीच सांगून देतो साहेब. माही माय याच खोलीत गेली. पंचक होतं. सहा महिने कुलूप ठेवलं, पंचकाची शांत केली, रंग देला. तरी कोनी येत नाही."

इतकं सरळ बोलणारा माणूस दोन महिन्यांत पहिल्यांदा भेटला होता. मी विचारलं, "आधी कोणी सांगितलं नाही का तुम्हाला, पंचक आहे म्हणून?"

"सांगतलं ना. दोन दिवस मळ्यातल्या खोलीत नेऊन ठेव म्हने म्हातारीले, मंग घर अडकत नाही. मी म्हनलं, तिनं हार इकून बांधलं हे घर. तिले काहून बाहेर काढू?"

बायको केव्हाच आत जाऊन ओट्याची उंची पाहत होती. मी मात्र तिथेच बाकावर बसलो. इतके रविवार मी ज्या लोकांच्या नकला करत होतो, त्यांत एक नक्कल राहून गेली होती.

क्वार्टर मिळायच्या आधी आम्ही अमरावतीतच भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. वडील आमच्याजवळ होते, अंथरुणाला खिळलेले. एका सकाळी घरमालक दारात उभे राहिले आणि नम्रपणे म्हणाले, "यांना गावाकडे जास्त बरं वाटेल, नाही का?" मी समजलो. त्यांना घरात मरण नको होतं, पंचकात तर नकोच. भांडलो नाही, मुदत मागितली नाही. दुसऱ्याच दिवशी जीप आणली आणि वडिलांना तिवस्याच्या पलीकडे आमच्या गावी, चुलतभावाच्या ओसरीत नेऊन ठेवलं. जीपमध्ये त्यांनी विचारलं, "मले काहून नेऊन राहिला बे?" मी म्हणालो, "गावची हवा चांगली आहे." ते खिडकीबाहेर पाहत राहिले. चौथ्या दिवशी गेले. मी पंचांग काढून पाहिलं, पंचक नव्हतं. म्हणजे त्यांना हलवायची गरजही नव्हती, पण मला आधी चुलतभावाचं घर अडकलं नाही याचंच हायसं वाटलं होतं. त्याची लाज मला अजून वाटते.

अकरा महिन्यांचा करारनामा झेरॉक्सच्या दुकानातच झाला. सही करताना मी हारवाल्याला सगळं सांगून टाकलं. शुगर, बीपी, स्टेंट, काही ठेवलं नाही. तो म्हणाला, "मंग काय झालं?"

"अकरा महिन्यांनी पुन्हा बोलू," मी म्हणालो.

"अकरा महिने तं कागदावर असतात जी. तुमी राहा शेवटपर्यंत. तुमाले येथून कोनी नेनार नाही."

बायकोने त्याला हात जोडले. मला ते जमलं नाही. असं म्हणणारं माणूस माझ्या वडिलांनाही मिळायला हवं होतं. तसं ते घरातच होतं, पण त्या दिवशी ते जीप ठरवायला गेलं होतं.