भावी डॉक्टरचा फ्लेक्स

“मॅडम, भामरेला बी बॅचला टाका. रूल म्हणजे रूल.”

सोमवारच्या मीटिंगमध्ये सरांनी लॅपटॉपमधून मान वर न काढता सांगितलं. सर म्हणजे आमच्या क्लासचे मालक. नाशिकला कॉलेज रोडवर आमचा क्लास आहे, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे नीटचा. मी तिथे केमिस्ट्री शिकवते. दर रविवारी टेस्ट असते. सलग तीन टेस्टमध्ये मार्क घसरले की पोर ए बॅचमधून बी बॅचमध्ये जातं. मुलं त्याला ‘फेकणं’ म्हणतात. बी बॅच काही वाईट नाही, शिकवणारे आम्हीच असतो. पण फेकलेलं पोर पुन्हा वर आलेलं मी फार क्वचित पाहिलंय.

“सर, मला थोडा वेळ द्या,” मी म्हटलं.

“तुम्ही मॅडम, उगाच जीव लावता.”

“पगारात बसतं ते.”

प्रतीक्षा भामरे सटाण्याची. वडिलांचं तिथे मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरची मोटार जळाली की तिच्यात नवीन तार भरून द्यायची, हे त्यांचं काम. पोरगी इथे हॉस्टेलला राहायची. दिवाळीपर्यंत केमिस्ट्रीत पहिल्या पाचात होती. डोकं लख्ख, बोलणं कमी. दिवाळीहून आली आणि तिचे मार्क जे घसरायला लागले ते थांबेनात.

मी तिचे पेपर काढून बसले. गंमत म्हणजे चुका वाढल्याच नव्हत्या. पोरीने प्रश्न सोडायला सुरुवात केली होती. नीटला बरोबर उत्तराला चार मार्क, चुकलं तर एक कापतात, कोरं सोडलं तर शून्य. त्याला निगेटिव्ह मार्किंग म्हणतात. या एका मार्काला काही मुलं इतकी घाबरतात की येत असलेलंही सोडून देतात. प्रतीक्षा अर्धा पेपर कोरा ठेवत होती.

मी तिला बोर्डावर बोलावलं आणि सोडलेलाच एक प्रश्न दिला. तिने तो भराभर सोडवला.

“मग काल का सोडलास गं?”

“चुकलं असतं तर?”

“तर एक मार्क गेला असता. आभाळ नसतं कोसळलं!”

ती खडूकडे बघत राहिली. मी चिडले होते, हे खरं. येत असून न लिहिणारं पोर बघितलं की माझं डोकं फिरतं.

सरांचा उपाय ठरलेला असतो. त्यांनी मोटिव्हेशनल लेक्चर ठेवलं. पाहुण्यांनी दिवे मंद करायला लावले, “आईवडिलांचा चेहरा डोळ्यांसमोर आणा” म्हणाले, मागे बासरी वाजवली. पोरं हुंदके देऊन रडली. सर खूश. पुढच्या रविवारी प्रतीक्षाने आणखी जास्त प्रश्न सोडले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती आपणहून स्टाफरूममध्ये आली. मी एकटीच डबा खात होते.

“मॅडम, मला बी बॅचला टाका. तिथून कुणी फेकत तरी नाही.”

माझा घास हातातच राहिला. ए बॅचमध्ये राहायला पोरं देवाला नवस बोलतात आणि ही फेकून द्या म्हणत होती. मी तिला बसवलं, अर्धी पोळी दिली. मग तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला.

सटाण्याच्या चौकातला मोठा फ्लेक्स. ‘भावी डॉक्टर कु. प्रतीक्षा भामरे यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.’ खाली वडिलांच्या मित्रमंडळाचे फोटो ओळीने. वरती प्रतीक्षा, पांढऱ्या एप्रनमध्ये, हातात स्टेथोस्कोप.

“हा एप्रन कधी घातलास?”

“नाही घातला. फ्लेक्सवाल्याने जोडलाय. चेहरा फक्त माझा.” मग बारीक आवाजात म्हणाली, “मॅडम, तो हातसुद्धा माझा नाही.”

वाढदिवस दिवाळीतच झाला. फ्लेक्स तसाच राहिला. ती घरी गेली की स्टँडवर रिक्षावाले “डॉक्टरीणबाई, बसा” म्हणायचे. शेजारच्या मावशी गुडघेदुखीवर गोळी विचारायच्या. प्रेमानेच, टोमणा कुणाचाच नाही. पण रविवारी पेपर समोर आला की तिला तो चौक दिसायचा. एक गोल चुकीचा काळा केला की तो सगळ्या चौकासमोर चुकल्यासारखं वाटायचं. कोरं सोडलं की निदान चूक तरी नाही.

मला भडभडून आलं. सतरा वर्षांची पोर, आणि सगळा चौक डोक्यावर घेऊन अभ्यासाला बसत होती.

सरांना सांगितलं तर म्हणाले, “अहो, उलट चांगलंय. मोटिव्हेशन आहे ते!”

“सर, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशातली गत आहे ही. त्या पोरीला मोटिव्हेशनच बाधलंय.”

मी भामरेंना फोन करून बोलावून घेतलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले, हाताच्या रेषांत व्हार्निशचे काळे डाग. क्लासखालच्या टपरीवर मी सगळं सांगितलं. माझं माहेर सटाण्याकडचंच, बागलाणातलं, म्हणून ते मोकळं बोलले.

“मन्हं काय चुकनं, मॅडम? पोर हुशार शे. मित्रांनी हौसेने लावलं. मी काय नको म्हणू?”

“हौस खरी आहे, भाऊ. भार पोरीवर येतोय.”

“मग काय करू? अभ्यास करू नको म्हणू का?”

“अभ्यासाचं काहीच म्हणू नका. जेवलीस का, एवढंच विचारा.”

ते चहाचा कप फिरवत बसले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “जळकी मोटार घेऊन माणूस येतो ना, मी पहिलं विचारतो, लोड किती टाकला होता. हिला नाही विचारलं.” डोळे भरले त्यांचे. मी दुसरीकडे बघितलं.

त्यांनी फ्लेक्स उतरवला. तोही भरदुपारी, गर्दीत, स्वतः शिडी लावून. हे मला नंतर प्रतीक्षाने सांगितलं. चौकातल्या एकाने विचारलंच, “काय हो, नापास झाली का पोरगी?”

भामरे शिडीवरूनच म्हणाले, “नाही. अजून डॉक्टर झाली नाही, म्हणून काढतोय.”

मित्रमंडळातले दोघं पुष्कळ दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते.

फ्लेक्स उतरल्यानंतरच्या रविवारी प्रतीक्षाने पूर्ण पेपर सोडवला. भरपूर चुकली. मार्क काही फार वाढले नाहीत, पण मी वर्गात तिच्या पाठीवर थाप मारली. चुका केल्या म्हणून शाबासकी दिलेली ती माझी पहिलीच विद्यार्थिनी. सरांनी तिला बी बॅचला टाकलंच. रूल म्हणजे रूल. ती मुकाट्याने गेली, आणि तिथे चुकत चुकत महाशिवरात्रीच्या सुमाराला वर आली.

एमबीबीएस थोडक्यात हुकलं. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. तिला पशुवैद्यकीयला सरकारी सीट मिळाली. आता दुसऱ्या वर्षाला आहे, म्हशी तपासते, फोनवर भरभरून बोलते.

फ्लेक्स वडिलांनी दुकानात जुन्या मोटारींवर झाकायला घेतला होता, तिचा चेहरा आतल्या बाजूला करून. ॲडमिशन झाल्यावर त्यांनी विचारलं, “आता सुलटा करून लावू का चौकात?”

“असू द्या, पप्पा,” ती म्हणाली. “हात माझा नाही.”

तेव्हापासून नवीन बॅचच्या पहिल्या दिवशी केमिस्ट्री सुरू करण्याआधी मी एक प्रश्न विचारते : गावात कुणाचा फ्लेक्स लागलाय? पोरं हसतात. मग हळूच दोन-तीन हात वर होतात. त्यांच्या घरी मी त्याच संध्याकाळी फोन करते.