एका पत्राला अकरा दिवस

मित्रांनो, आज स्वतःचीच लाज वाटली, म्हणून लिहितोय. मी जालन्यात कॉलेजला बॉटनी शिकवतो.

धावड्याहून रोज एसटीने येणारी कोमल ही माझी विद्यार्थिनी. तिने एमआयडीसीत एकटीने गेटोगेट फिरून एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये इंटर्नशिप मिळवली. कॉलेजचं एक पत्र तेवढं हवं होतं. तिचा अर्ज मी सही करून ऑफिसात पाठवला आणि विसरून गेलो.

आज अकराव्या दिवशी पत्र निघालं. मी लगेच लॅबच्या मॅनेजरना फोन लावला. ते म्हणाले, "सर, सोमवारपर्यंत वाट पाहिली. मंग दुसरी मुलगी घेतली."

आमच्या विभागप्रमुखांना सांगितलं, तर ते हसले. "कुठल्याबी दुकानातून सर्टिफिकेट आणायला लावा तिला. इंटर्नशिपच्या मार्कांशी मतलब."

आणि मी निर्लज्जासारखा तोच निरोप कोमलला दिला.

ती म्हणाली, "सर, मला सर्टिफिकेट न्हाई पायजे. बियाणं कसं तपासतात ते शिकायचं होतं. मी तर रोज ऑफिसात विचारून राह्यल्ते. तुम्ही एकदा विचारलं असतं, तर बराबर दिलं असतं त्यांनी."

ऑफिस आमच्या स्टाफरूमपासून वीस पावलांवर आहे. पत्र न घेताच ती बसस्टँडकडे निघून गेली.

शिक्षक मित्रांनो, खरं सांगा. सही केल्यावर त्या अर्जाचं पुढं काय झालं, हे विचारायला आपल्यातले किती जण उठून जातात? मी गेलो नव्हतो.