वालावर पडलेली सावली

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे — कसं सांगावं, तेही नीट कळत नाही.

पालमला आमच्या घरामागं परसबाग आहे. तिथं माझ्या धाकट्या जावेनं, सुनितानं, वालाचा वेल चढवला होता. बी तिच्या माहेरचं, राणीसावरगावचं. शेंगा अशा लगडल्या की सासूबाई येईल-जाईल त्याला दाखवायच्या. मला ते खुपायचं — आता खोटं कशाला बोलू?

एका दुपारी पाहिलं, शेंड्यांवर थोडी माव्याची बारीक कीड होती. आणि त्यात काळे, नारिंगी ठिपक्यांचे, काटेरी किडे फिरत होते. दिसायलाच ओंगळ. मला वाटलं, हेच वेल खातायत. घरात कपाशीचं औषध उरलं होतं, ते कुणाला न विचारता मारलं. वाल मी वाचवला, असं सासूबाईंना नंतर सांगणार होते. हौस केवढी!

किडे मेले. पानांखालचा मावा मात्र राहिला आणि बघता बघता वेलभर झाला. पानं चिकट, काळी पडली, फुलं गळाली. सासूबाई सुनितावर कडाडल्या, "कावळा शिवलेला असताना वेलाखाली गेलतीस न्हवं? तुझीच सावली पडली. आता कशाला हात लावू नको!"

"न्हाई ओ आत्याबाई, मी लय लांब व्हते," ती म्हणाली आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. मी भाकरी थापत होते — थापतच राहिले.

पुढं आम्ही दोघी परभणीला शेतीचं प्रदर्शन बघायला गेलो. तिथं एका फलकावर तोच काटेरी किडा! खाली लिहिलेलं — ढालकिड्याची अळी, मित्रकीड, मावा खाते. वेल राखणाऱ्यांनाच मी मारलं होतं. सुनिता शेजारीच उभी होती. तिनं अजून वाचलं नव्हतं. तेव्हा तरी बोलले का? मी तिचा हात धरून तिला लोणच्याच्या स्टॉलकडं ओढत नेलं.

सुनितानं पुन्हा काही लावलं नाही. माझ्यामुळं.

परवा तिच्या लेकीला पहिल्यांदा पाळी आली. पोरगी नेहमीसारखी कढीपत्ता तोडायला निघाली, तर सुनिता धावली.

"थांब गं माय, झाड जळतंय. माझ्या सावलीनं जळालंय एक."

पोरीनं हात मागं घेतला. कढीपत्ता मी तोडून आणला.