इंजिनियरचा आवाज

आमदार होण्याआधी आमचे साहेब शेठ होते. भिवंडीत त्यांचा चोवीस लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, आणि मी तिथला मेहता, म्हणजे कारकून. पुढे लूम भंगारात गेले, शेठनी जवळच्याच पूर्णा गावात गोदामं बांधली, निवडणूक जिंकली. त्यांच्या मागोमाग मीही आमदाराच्या कार्यालयात आलो.

सकाळी लोक कामं घेऊन यायचे. साहेब ऐकून घ्यायचे, मोबाइलचा स्पीकर लावायचे आणि गरजायचे, "काय रे, माझ्या माणसाला चकरा मारायला लावतोस? बदली पाहिजे का?" पलीकडचा अधिकारी चळचळ कापायचा. "चुकलं साहेब. आजच करतो साहेब." समोरचा माणूस डोळे पुसत, पाया पडून जायचा.

तो अधिकारी मी असायचो. दोन भिंतींपलीकडे, चहाच्या खोलीत, दार लावून. कधी डॉक्टर, कधी तलाठी, कधी इंजिनियर. लोक गेले की साहेब आत येऊन पोट धरून हसायचे. "आजचा डॉक्टर फारच रडका केलास रे. उद्या जरा माज दाखव." बायकोला मी सांगायचो, नोकरी आहे, करावं लागतं. खरं म्हणजे मला ते जमत होतं. आवडतही होतं.

मग एकदा मास्तर आले. कारखान्यातले जॉबर, लूम दुरुस्त करणारे. शेठना आणि मला, दोघांनाही लूम म्हणजे काय ते त्यांनी शिकवलं होतं. चाळीस वर्षं खडखडाटात काढून त्यांचा एक कान पार गेलेला, दुसऱ्यात थोडी धुगधुगी. लूमवर नुसता तळहात ठेवून बिघाड सांगायचे. त्यांचं पूर्ण्यातलं घर रस्त्यात जात होतं. हातात नोटीस होती: पंधरा दिवसांत हरकत घ्या, नाहीतर घर पाडू. तो रस्ता साहेबांच्याच नव्या गोदामाकडे जाणार होता. मास्तरांना ते ठाऊक नव्हतं. मला होतं.

"वकील करू का शेठ?" त्यांनी विचारलं. मी तेव्हा तिथंच उभा होतो.

"वकील कशाला? मी मेलोय का?" म्हणत साहेबांनी मला डोळ्यानं आत जायची खूण केली.

बाकीची माणसं निघून गेली होती. "रस्त्याचा इंजिनियर आहे, बोला," म्हणत साहेबांनी फोन मास्तरांच्या बऱ्या कानाला लावला. हळू बोललेलं त्यांना पोचणार नाही, म्हणून मी कारखान्यात ओरडायचो तसाच ओरडलो, "बाबा, नोटीस रद्द! तुमच्या घराला हात लागणार नाही!"

चौथ्या दिवशी ते वज्रेश्वरीला जाऊन पेढे घेऊन आले. एक माझ्या तोंडात घातला. "शेठ मना इसरला न्हाय बघ." हरकत घ्यायला अजून अकरा दिवस होते. मी पेढा खाल्ला. नंतर रोज वाटायचं, जाऊन सांगावं. रोज कुणीतरी काम घेऊन यायचं आणि मी कुणीतरी व्हायचो.

जेसीबी आला त्या दिवशी साहेबांनी मलाच पाठवलं. "म्हातारा नाटक करेल. सांभाळ." मास्तर उंबऱ्यात उभे राहून खऱ्या इंजिनियरला सांगत होते, "तूच बोल्लास ना फोनवर?"

"बाबा, मी तुम्हाला आज पहिल्यांदा बघतोय."

जेसीबीवाला हसला. "बुढ्ढे को सपने में फोन आया होगा."

मुदत संपून चार दिवस झाले होते. दुपारपर्यंत घर नव्हतं.

मास्तर भांड्यांच्या पोत्यावर बसले होते. मला पाहून बाजूला सरकले, जागा केली.

"याचा आवाज येगला हाय," ते म्हणाले. "फोनवरचा तुझ्यासारखा होता. वलखीचा वाटला, म्हनून वकिलाकडं गेलो न्हाय."

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता.

"तो मीच होतो, मास्तर," मी म्हणालो. हळू.

जेसीबी अजून चालू होता. त्यांनी बरा कान माझ्याकडे केला. "काय? मोठ्यानं बोल, बाला."

मोठ्यानं मला बोलता येत होतं. त्या कानात मी पंधरा वर्षं ओरडलो होतो.

"पाणी आणू का?" मी ओरडलो.