हिरवे लंगोट

मी आज जो काही आहे तो माझ्या आतेमुळे. आई गेल्यावर तिनेच मला मिठबावला आपल्या घरी नेलं. कोणी विचारलं तर "माझो झील", माझा मुलगा, असंच सांगायची. आंब्याच्या हंगामात ती देवगडच्या बागांत आंबे गवतात रचून आढ्या लावायला जायची, एरवी मिळेल ते काम करायची. स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. पण मी शाळेतून येऊन "गणित समाजला नाय" म्हटलं की मला दप्तर खाली ठेवू द्यायची नाही.

"मगे हय कित्याक इलंस? परत जा नि मास्तरांक इचार. इचारूक लाज कसली?"

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो अशा परत पाठवण्यांमुळे.

माझी मुलगी तालुक्याच्या इस्पितळात जन्मली. दोनतीन दिवसांत तिचा चेहरा पिवळा दिसू लागला, मग छातीही. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. कावीळ होती. घाबरण्यासारखी नाही, पण निळ्या दिव्याखाली ठेवावं लागेल, म्हणाल्या. डोळ्यांवर पट्टी बांधून, नुसत्या लंगोटावर तिला त्या उजेडात निजवलं. आते जुन्या लुगड्याचे मऊ लंगोट शिवून घेऊन आली होती. काचेतून नातीकडे बघत ती म्हणाली, "आमी हिरवो आंबो गवतात घालून पिवळो करतंव. हे पिवळ्या चेडवाक लायटीखाली घालून काय करतले रे?"

आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही. मुलीला पातळ, हिरवट शी होऊ लागली. एक लंगोट बदलावा तोवर दुसरा भरायचा. आते एक लंगोट खिडकीपाशी नेऊन बघत राहिली आणि माझ्या बायकोकडे वळली.

"काय खाल्लंस गो तू?"

"काय नाय. पेज खाल्लंय."

"आणि?"

"एक केळा," बायको हळूच म्हणाली.

"बघ! दूध बाधला. आता पोट थांबापर्यंत अंगावरचा पाजू नको. मध चाटवया."

बायकोचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने नर्स मुलीला पाजायला घेऊन आली, तर हिने हात पुढे केले नाहीत. "माझ्यामुळेच झाला. आता पाजलंय तर अजून त्रास होतलो," म्हणून रडू लागली. मुलगी भुकेने तोंड वळवून शोधत होती. मी मध्ये उभा. खरं सांगायचं तर आतेचं मलाही पटलं होतं. केळ्याने आणि हिरव्या शीने मीही घाबरलो होतो. पण मुलगी भुकेली होती आणि मला काही समजत नव्हतं. समजत नसलं की काय करायचं, ते मला एकच माहीत होतं.

मी डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्यांनी लंगोट पाहिला, मुलीचं पोट दाबून पाहिलं आणि खाटेवर बसूनच बोलल्या. "यात तुमच्या दुधाचा दोष नाही, केळ्याचाही नाही. दिव्याने अंगातला पिवळेपणा सुटा होतो, पित्तातून आतड्यात उतरतो आणि शीवाटे बाहेर पडतो. म्हणून शी पातळ आणि हिरवट होते. दिवा बंद झाला की थांबेल. अंगातलं पाणी जातंय, तेव्हा उलट जास्त वेळा पाजा. मध नको, वरचं पाणीही नको. लघवी कमी झाली, बाळ मलूल पडलं, पिईनासं झालं किंवा शीत रक्त दिसलं, तर मात्र लगेच सांगा."

"पाज," मी बायकोला म्हणालो. आतेसमोर, तिच्या शब्दाविरुद्ध मी बोललो तो पहिल्यांदाच.

आतेने पिशवी उचलली. "दोन बुकां शिकलंस म्हणान माका शिकवतंस? ह्याच्यासाठी तुका शिकवलंय?" मी एसटी स्टँडपर्यंत मागे गेलो. तिने वळून पाहिलं नाही.

त्यानंतर फोन केला की "बरी आसंय" म्हणायची आणि ठेवून द्यायची. मुलीला घरी आणल्यावर मी तिला पत्र लिहिलं. कॉलेजात असताना मी शुद्ध मराठीत लिहायचो ते तिला आवडत नसे, म्हणून या वेळी घरच्या भाषेत लिहिलं.

"आते,

चेडू बरा आसा. लायट बंद केली. पिवळेपण गेला. पोट पण जाग्यार इला. तुझे लंगोट मीच धुतंय, हसू नको. सून पोटभर पाजता, आता रडणा नाय.

त्या दिवशी तुका वायट वाटला, ता माका कळता. पण माका काय समाजत नाय होता. समाजला नाय तर इचार, असा तूच सांगलंस. म्हणान इचारलंय. तू माका ह्याच्यासाठीच शिकवलंस.

बारशाक तू व्हयी. नाव तूच कानात सांगूचा, नायतर बारसा होवचा नाय. येताना परसातलो केळ्यांचो घड घेवन ये. सुनेक खावची आसत. डॉक्टरणीक इचारून घेतलंय.

तुझो झील"